जुन्या फुटबॉल व्हिडीओ खेळांचा संग्रह आणि त्यांचे मूल्य : ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’चे उदाहरण

नाणी, टपाल तिकिटे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या पंक्तीत गेल्या काही वर्षांत जुन्या व्हिडीओ खेळांनाही स्थान मिळाले आहे. या संग्रहांत फुटबॉलच्या खेळांची स्थिती काहीशी विलक्षण आहे. ते लाखोंनी खपले, घराघरांत खेळले गेले. मात्र दरवर्षी नवी आवृत्ती येत असल्याने जुनी आवृत्ती वर्षभरातच निरुपयोगी मानली गेली. परिणामी सर्वाधिक खेळले गेलेले हे खेळ सर्वाधिक निष्काळजीपणे हाताळले गेले. अशा वस्तूचा संग्रह कसा करावा, तिची किंमत कशी ठरवावी आणि किमतीपलीकडे तिच्यात जपण्यासारखे काय असते, याचा परिचय या लेखात ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’ या ब्रिटिश खेळाच्या आधारे करून देण्यात आला आहे.

खेळाची पार्श्वभूमी

जॉन हेअर आणि ख्रिस येट्स या दोन मित्रांनी १९८६ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात ‘सेन्सिबल सॉफ्टवेअर’ ही कंपनी स्थापन केली. कमोडोर ६४ या संगणकासाठी १९८८ मध्ये आलेला ‘मायक्रोप्रोज सॉकर’ हा तिचा पहिला गाजलेला फुटबॉल खेळ होय. त्यानंतर १९९२ मध्ये अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांसाठी ‘सेन्सिबल सॉकर’ प्रकाशित झाला, तर डिसेंबर १९९४ मध्ये त्याचे विस्तारित रूप ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’ या नावाने अमिगावर आले.

या खेळात मैदान वरून, जणू उंच गॅलरीतून पाहिल्यासारखे दिसते. खेळाडूंच्या आकृती अगदी लहान असल्याने मैदानाचा मोठा भाग एकाच वेळी नजरेत येतो आणि चेंडू कोणाकडे द्यावा याचा विचार करण्यास वाव मिळतो. संपूर्ण खेळ जॉयस्टिकच्या एकाच बटणावर चालतो. बटण हलके दाबल्यास पास, थोडा वेळ दाबून धरल्यास जोरदार फटका. चेंडू पायाला चिकटून राहत नाही. लाथ मारल्यानंतर क्षणभरात जॉयस्टिक झुकविल्यास चेंडू हवेत वळतो. नियम शिकण्यास पाच मिनिटे पुरतात. कौशल्य मात्र वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते.

१९९४ च्या खेळात याला व्यवस्थापकाच्या भूमिकेची जोड देण्यात आली. जगभरातील सुमारे दीड हजार संघ, पंचवीस हजारांहून अधिक खेळाडू आणि वीस हंगामांची कारकीर्द असा हा पसारा होता. एखादा दुय्यम क्लब हाती घ्यावा, खेळाडूंची खरेदी-विक्री करावी आणि प्रत्येक सामना स्वतःच खेळावा, अशी ही रचना होती. आज सामान्य वाटणारे हे मिश्रण त्या काळी काही फ्लॉपींत मावत होते, हे विशेष. अमिगाच्या एका फ्लॉपीची क्षमता अवघी ८८० किलोबाइट होती.

मार्च २००७ मध्ये या खेळाला वेगळीच प्रतिष्ठा लाभली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संग्रहपाल हेन्री लोवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जतन करण्यायोग्य दहा व्हिडीओ खेळांची यादी जाहीर केली. ‘स्पेसवॉर’, ‘टेट्रिस’, ‘सिमसिटी’, ‘डूम’ अशा नामवंतांच्या या यादीत क्रीडाप्रकारातील एकच खेळ होता आणि तो म्हणजे ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’.

कीर्ती आणि किंमत यांतील अंतर

एवढा मान मिळूनही या खेळाची सर्वसाधारण प्रत सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेलेली नाही. नवोदितांना याचे आश्चर्य वाटते. परंतु बाजाराचा नियम साधा आहे. वस्तू किती थोर आहे यापेक्षा ती किती जणांना हवी आहे आणि किती जणांकडे ती विक्रीयोग्य स्थितीत आहे, यावर तिचा भाव ठरतो.

‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ हे याचे दुसरे उदाहरण. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने हा खेळ १९९३ च्या अखेरीस सेगा मेगा ड्राइव्हवर आणला. तिरक्या कोनातून दिसणारे मैदान हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्याच्यापासून सुरू झालेली मालिका जगातील सर्वाधिक खपाच्या क्रीडा मालिकांपैकी एक ठरली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील स्ट्राँग संग्रहालयाच्या ‘वर्ल्ड व्हिडीओ गेम हॉल ऑफ फेम’साठीच्या अंतिम नामांकनांत या पहिल्या खेळाचा समावेश झाला. तरीही त्याची मेगा ड्राइव्ह कार्ट्रिज जुन्या बाजारातील स्वस्त वस्तूंपैकी एक आहे, कारण ती मुबलक आहे.

याउलट एखाद्या अल्पायुषी यंत्रावर निघालेली प्रत खेळ म्हणून फारशी वेगळी नसली तरी महाग होते. ‘सेन्सिबल सॉकर’ अटारी जॅग्वारवरही निघाला होता. ते यंत्र फारसे खपले नाही. त्यामुळे त्यावरील प्रती मुळातच कमी आहेत. कमोडोरच्या सीडी३२ या यंत्राची कथाही अशीच. सप्टेंबर १९९३ मध्ये ते बाजारात आले आणि एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनीच दिवाळखोरीत गेली. जपानच्या एसएनके कंपनीच्या निओ जिओ या यंत्रासाठी १९९६ मध्ये आलेल्या ‘द अल्टिमेट ११’ या फुटबॉल खेळाची घरगुती आवृत्ती तर अत्यंत दुर्मीळ समजली जाते, मात्र त्याच खेळाची आर्केडसाठीची कार्ट्रिज त्या मानाने सहज मिळते. खेळ एकच, परंतु कवच निराळे असल्याने भावात मोठा फरक पडतो.

आवृत्तीची ओळख

खरेदीपूर्वी आपल्यासमोर नेमकी कोणती आवृत्ती आहे हे ओळखणे आवश्यक असते. विक्रेते बहुधा ‘सेन्सिबल सॉकर’ एवढाच उल्लेख करतात आणि त्यात १९९२ पासून १९९६ पर्यंतच्या अनेक वेगवेगळ्या वस्तू येतात.

१९९२ च्या मूळ खेळानंतर त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ९२-९३ च्या हंगामाची सुधारित आवृत्ती आली. फुटबॉलच्या नियमांत १९९२ मध्ये महत्त्वाचा बदल झाला होता. सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास मनाई करण्यात आली. हा नियम सुधारित आवृत्तीत आला. म्हणजेच, खोक्यावरील मजकुराविषयी शंका असल्यास प्रत्यक्ष खेळूनही आवृत्ती ताडून पाहता येते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आवृत्ती निघाली. ‘वर्ल्ड ऑफ सॉकर’ची पहिली आवृत्ती १९९४ ची, त्यापुढे ९५-९६ च्या हंगामाची आणि शेवटी ९६-९७ ची. पहिल्या आवृत्तीत अनेक तांत्रिक दोष राहून गेले होते. त्यामुळे खेळण्यासाठी नंतरच्या आवृत्त्या पसंत केल्या जातात, तर संग्रहासाठी पहिलीला मान असतो. घेणाऱ्याचा हेतू कोणता, यावर निवड अवलंबून राहते.

याशिवाय एक लहानसा उपवर्ग आहे. ब्रिटिश संगणक मासिकांसोबत फ्लॉपी मोफत दिली जात असे. त्यांतून ‘अनसेन्सिबल सॉकर’ आणि याच कंपनीच्या ‘कॅनन फॉडर’ या युद्धखेळाशी सांगड घातलेला ‘कॅनन सॉकर’ असे गमतीदार प्रकार वाचकांना मिळाले. हे खेळ दुकानात कधी विकले गेले नाहीत. मासिक आणि फ्लॉपी दोन्ही एकत्र, सुस्थितीत मिळणे कठीण असते. मासिक रद्दीत गेलेले असते आणि फ्लॉपीवर बहुधा दुसरेच काही साठविलेले असते.

मूल्य ठरविणारे घटक

संग्राहक सामान्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली, संपूर्णता. अमिगाचे खेळ मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येत. खोके, माहितीपुस्तिका, सर्व फ्लॉपी आणि आतील नोंदणीपत्र वा जाहिरातपत्रके एकत्र असल्यास प्रत पूर्ण मानली जाते. खोके बहुतेक घरांत फेकून दिले गेले. त्यामुळे अनेकदा रिकाम्या खोक्याला फ्लॉपीपेक्षा अधिक भाव येतो.

दुसरी, स्थिती. खोक्याचे चेपलेले कोपरे, उन्हाने उडालेला रंग, दुकानाच्या किंमतपट्टीचा डाग, पुस्तिकेवरील लिखाण या बाबी विचारात घेतल्या जातात. दमट हवेत ठेवलेल्या पुठ्ठ्याला येणारा कुबट वास छायाचित्रात दिसत नाही, हे ध्यानात ठेवून विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे.

तिसरी, अस्सलपणा. अमिगाच्या फ्लॉपीची नक्कल करणे त्या काळी सर्रास चाले. कारखान्यात छापलेले लेबल, त्यावरील छपाईची स्पष्टता आणि फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छिद्र पाहावे. अनेक प्रकाशकांच्या मूळ फ्लॉपींना लेखनासाठीची सरकपट्टीच नसे. छिद्र कायमचे उघडे असे. सरकपट्टी असणे हा नकलेचा निर्णायक पुरावा नव्हे. मात्र ती दिसल्यास अधिक तपासणी करणे इष्ट.

चौथी, चालू स्थिती. ‘तपासलेले नाही’ असे विक्रेता म्हणत असेल तर ते चालत नाही असे गृहीत धरूनच किंमत द्यावी, हा जाणकारांचा संकेत आहे.

बाजारभाव काढण्याची पद्धत

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे या व्यवहाराचे पहिले सूत्र आहे. लिलावाच्या संकेतस्थळांवर एखादी प्रत वर्षभर चढ्या किमतीला पडून राहिलेली दिसते. तिच्यावरून केवळ विक्रेत्याची अपेक्षा कळते. ‘ईबे’सारख्या संकेतस्थळावर पूर्ण झालेले व्यवहार स्वतंत्रपणे पाहता येतात. त्याच आवृत्तीच्या, त्याच यंत्राच्या आणि साधारण त्याच स्थितीतील प्रतींचे अलीकडचे व्यवहार नोंदवावेत.

त्यानंतर सरासरीऐवजी मध्यक घ्यावा. समजा, पाच प्रती अनुक्रमे ३,०००, ३,२००, ३,५००, ३,६०० आणि ९,००० रुपयांना गेल्या. सरासरी ४,४६० रुपये येते, परंतु पाचपैकी चार खरेदीदारांनी त्याहून बरीच कमी रक्कम दिली आहे. मधली संख्या ३,५०० आहे आणि तीच वास्तवाच्या जवळ आहे. नऊ हजारांची प्रत कदाचित सीलबंद असेल, कदाचित दोन हट्टी ग्राहकांच्या चढाओढीत सापडली असेल. अपवादावरून भाव बांधू नये.

परदेशातून वस्तू मागविताना टपालखर्च, चलनविनिमयातील फरक आणि सीमाशुल्क किमतीत मिळवावेच लागते. मोठ्या खोक्यांच्या बाबतीत टपालखर्चच कधीकधी खेळाच्या किमतीला मागे टाकतो.

सीलबंद प्रती आणि २०२१ ची तेजी

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीने ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली. वाटा गेम्स या प्रतवारी संस्थेने या प्रतीला ९.८ इतके गुण दिले होते. ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ मुळीच दुर्मीळ नाही; दुर्मीळ होती ती त्या प्रतीची निर्दोष स्थिती. या बातमीनंतर जगभरातील माळ्यांवरून जुनी खोकी खाली उतरली. मे २०२२ मध्ये वाटा गेम्सविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि त्यात बाजारभाव कृत्रिमरीत्या वाढविल्याचे आरोप करण्यात आले. तेजीच्या काळातील आकडे हा स्थायी आधार मानू नये, एवढा बोध सामान्य संग्राहकाने त्यातून घ्यावा.

अमिगाच्या खेळांबाबत सीलबंद वेष्टनावर आणखी सावधपणे विश्वास ठेवावा लागतो. चोरी टाळण्यासाठी फ्लॉपी गल्ल्यामागे ठेवून रिकामी खोकी फळीवर मांडण्याची पद्धत ब्रिटनमधील अनेक दुकानांत होती. शिवाय प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन पुन्हा चढविणे अवघड नसते. वेष्टन शाबूत आहे एवढ्यावरून आतील वस्तू कारखान्यातून जशी आली तशीच आहे, असे सिद्ध होत नाही.

फ्लॉपीचे आयुष्य

या संग्रहातील खरी चिंता किमतीची नसून काळाची आहे. फ्लॉपीवरील माहिती लोहसंयुगाच्या पातळ थरात चुंबकीय रूपात नोंदलेली असते. हा थर कालांतराने सुटू लागतो, आर्द्रतेमुळे त्यावर बुरशी चढते आणि अशी फ्लॉपी यंत्रात घातल्यास वाचनशीर्ष तो थर खरवडून काढते. तपासून पाहण्यासाठी केलेला तो प्रयत्न त्या फ्लॉपीचा शेवटचा ठरू शकतो. म्हणून चकतीची झडप सरकवून पृष्ठभाग प्रकाशात पाहावा आणि डाग किंवा बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये.

दुसरा धोका त्या काळातील संगणकीय विषाणूंचा. १९८७ मध्ये पसरलेल्या ‘एससीए’ या अमिगाच्या विषाणूपासून अशा अनेक विषाणूंनी फ्लॉपीच्या प्रारंभिक भागावर स्वतःची नोंद केली. ज्या खेळांचे प्रारंभिक आदेश त्याच भागात होते, ते कायमचे बंद पडले. लेखनबंदीचे छिद्र उघडे ठेवण्याचे महत्त्व यामुळेच आहे.

यंत्रांनाही वय आहे. अमिगा ५०० प्लसमधील घड्याळाच्या बॅटरीतून गळणारे क्षार मुद्रित फलक खातात. अमिगा ६००, १२०० आणि सीडी३२ यांतील धारकांमधून द्रव झिरपतो. यंत्र विकत घेताच बॅटरी काढून टाकणे आणि धारक जाणकाराकडून बदलून घेणे हा संग्रहाच्या खर्चाचाच भाग मानावा.

फ्लॉपीची प्रतिमा घेण्यासाठी आता ‘क्रायोफ्लक्स’ आणि ‘ग्रीझवीझल’ यांसारखी उपकरणे मिळतात. ती फाइलींऐवजी चुंबकीय बदलच नोंदवितात. त्यामुळे नक्कलविरोधी संरक्षण असलेल्या खेळांचीही विश्वासार्ह प्रत निघते. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ नुसार संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती नष्ट वा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. मूळ वस्तू विकून प्रत स्वतःकडे ठेवणे अथवा तिचे वाटप करणे यात बसत नाही.

भारतातील संग्राहकांसाठी

भारतात अमिगा घरोघरी पोहोचला नाही. सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा संगणक मात्र डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीमार्फत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे विकला गेला. जॉन रिटमन यांचा ‘मॅच डे’ (१९८४) हा फुटबॉल खेळ त्याच यंत्रावरचा. नव्वदच्या दशकात मराठी घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आले ते जपानी फॅमिकॉमची नक्कल असलेले डबे आणि एकाच कार्ट्रिजमध्ये शेकडो खेळांचा दावा करणाऱ्या पिवळ्या पट्ट्या. त्यांना बाजारात नगण्य किंमत मिळते. परंतु एका पिढीने पडद्यावरील पहिला गोल त्यांच्यावरच केला, या नात्याने काही संग्राहक त्या जपतात.

ब्रिटनहून यंत्र आणणाऱ्यास एक सोय आहे. दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती आणि वीजपुरवठाही ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे युरोपीय खेळ येथे योग्य गतीने चालतात. मात्र ॲन्टेनाच्या वायरीने जोडल्यास चित्र दिसूनही आवाज न येण्याची शक्यता असते, कारण पाल पद्धतीतील ध्वनीची कंप्रता ब्रिटनमध्ये वेगळी होती. यंत्र बिघडले असा समज करून घेण्यापूर्वी थेट दृक्-श्राव्य जोडणी करून पाहावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत फ्लॉपी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, ध्वनिवर्धक व इतर चुंबकीय वस्तूंपासून दूर ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्यांची पाहणी करावी.

किमतीपलीकडचे मूल्य

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला ‘फिफा २३’ हा त्या नावाचा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा शेवटचा खेळ ठरला. करार संपल्यानंतर २०२३ मध्ये मालिकेचे नाव बदलले आणि त्याच सुमारास जुने ‘फिफा’ खेळ अधिकृत डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आले. संघांची, खेळाडूंची आणि स्पर्धांची नावे परवान्यावर घेतलेली असतात. परवाना संपला की खेळाची विक्रीही संपते. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या व्हिडीओ खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज व्यापारी मार्गाने उपलब्ध नाहीत, असे व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले. अशा वेळी कोणाच्या तरी कपाटातील कार्ट्रिज किंवा चकती हाच त्या खेळाचा कायदेशीर अवशेष उरतो.

सेन्सिबल सॉफ्टवेअर कंपनी १९९९ मध्ये कोडमास्टर्सने विकत घेतली आणि २०२१ मध्ये कोडमास्टर्स इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या मालकीची झाली. मालक बदलत गेले, तरी खेळ टिकला तो त्याच्या चाहत्यांमुळे. युरोपात त्याच्या स्पर्धा भरत राहिल्या आणि हौशी मंडळींनी नव्या हंगामांच्या खेळाडूयाद्या स्वतः तयार केल्या.

जुनी प्रत विकत घेतल्यावर तिच्यासोबत कधीकधी हाताने लिहिलेले लेबल असलेली एखादी साधी फ्लॉपी येते. ती पूर्वीच्या मालकाने साठविलेली कारकीर्द असते. कोणा मुलाने १९९५ च्या सुट्टीत तळाचा एक क्लब घेऊन तो विजेतेपदापर्यंत नेलेला असतो. बाजारात या फ्लॉपीला काहीही भाव नाही, आणि प्रतवारी संस्थेच्या दृष्टीने तर ती संचाबाहेरचीच वस्तू. तरीही ती पुसून कोरी करू नये आणि प्रतिमा घेताना पहिला क्रम तिला द्यावा. खेळाची मूळ फ्लॉपी बिघडली तर तिच्यासारखी दुसरी कुठेतरी सापडू शकेल. या कारकिर्दीची मात्र जगात तेवढी एकच प्रत असते.